सायरोडिलमध्ये पुन्हा पहिले पाऊल

सायरोडिल या काल्पनिक प्रांतात घडणाऱ्या ‘ऑब्लिव्हियन’ या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्तीत केवळ चित्रे उजळली आहेत, हे एका लेखात मांडलेले मत मला पूर्णपणे पटत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी, घोषणेच्याच दिवशी, ही आवृत्ती उपलब्ध झाली. तिच्यात दृश्ये अनरिअल इंजिन ५ (गेम चालवणारे सॉफ्टवेअर) रेखाटते, तर पात्रांचे वागणे आणि जगाचे नियम अजूनही २००६ च्या मूळ इंजिनवर चालतात. त्यामुळे गेमच्या सुरुवातीला तुरुंगातून गटारमार्गे बाहेर पडून तळ्यापलीकडे विल्व्हेरिनचे भग्न अवशेष दिसतात, तेव्हा प्रकाश नवा असूनही जागा ओळखीची वाटते आणि मन भरून येते.

खरा बदल पात्राच्या वाढीत आहे. पूर्वी पुढची पातळी गाठताना गुण चांगले वाढावेत, म्हणून कोणते कौशल्य किती वेळा वापरले याचा हिशेब ठेवावा लागे, आणि त्या हिशेबात साहसाचा आनंद हरवत असे. आता प्रत्येक पातळीला १२ गुण मिळतात व ते आपल्या पसंतीने वाटता येतात. अधिक वेगाने धावण्याची सोयही आली आहे. (गेममधील सम्राट उरिएल सेप्टिमला अभिनेते पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांचाच आवाज कायम आहे, याचे मला विशेष समाधान वाटते.)

मात्र आपल्याबरोबर शत्रूंचेही बळ वाढवणारी जुनी रचना तशीच ठेवली, हे मला खटकते. रस्त्यावरच्या साध्या लुटारूच्या अंगावर मौल्यवान काचेचे चिलखत दिसले की स्वतः कमावलेल्या सामर्थ्याचे मोल कमी होते.