खुलासा : स्वित्झर्लंडमधील ‘दहा दिवसांचे विन्येट’

स्वित्झर्लंडमध्ये स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्यांसाठी समाजमाध्यमांवर एक सूचना फिरत आहे. तिच्यानुसार तेथील प्रत्येक रस्त्यासाठी ‘विन्येट’ हा टोलचा परवाना सक्तीचा असून तो दहा दिवसांसाठीही मिळतो. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

दहा दिवसांचा परवाना शेजारच्या ऑस्ट्रियात मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये मोटारीसाठी केवळ वार्षिक विन्येट आहे. त्याची किंमत ४० फ्रँक असून ते आदल्या वर्षाच्या १ डिसेंबरपासून पुढील वर्षाच्या ३१ जानेवारीपर्यंत चालते. स्वित्झर्लंडमध्येच भाड्याने घेतलेल्या गाडीला ते बहुधा आधीच असते, तरीही ताबा घेताना खात्री करावी, कारण विन्येटविना आढळल्यास २०० फ्रँक दंड आणि शिवाय विन्येटची किंमत भरावी लागते.

सक्ती आहे ती मोटरवे आणि तत्सम राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. लोझानहून व्हेव्हेमार्गे माँत्रोला जाणारा, एका बाजूला जिनिव्हा सरोवर आणि दुसऱ्या बाजूला २००७ साली जागतिक वारसा ठरलेले लाव्होचे पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे असलेला जुना रस्ता विन्येटशिवाय खुला आहे. थून सरोवराच्या उत्तर काठाने ओबरहोफेन, मेर्लिगेनवरून इंटरलाकेनला नेणाऱ्या रस्त्यालाही ते लागत नाही, आणि निवांत भटकंतीसाठी आमच्या मते हेच रस्ते अधिक योग्य आहेत. दक्षिण काठचा ए८ मार्ग धरला, तर मात्र विन्येट हवेच.