जीभ आळशी होते, म्हणे!

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर सहा वर्षांची एक मुलगी राहते. तिला बोलता येत नाही. टॅबलेटवरच्या चित्रावर तिने बोट ठेवलं की टॅबलेट तो शब्द उच्चारतो. दीड महिना मजेत चाललं होतं. गेल्या आठवड्यात तो टॅबलेट कपाटात गेला, कारण तिच्या आजींच्या व्हॉट्सॲपवर 'पालकांनो सावधान!' येऊन धडकलं. तेच आमच्या आत्याने मलाही पाठवलं, खाली हात जोडून: "वाचून बघ गं." मला! सेरेब्रल पाल्सी असलेल्या आणि बारा वर्षं टॅबलेटवरूनच बोलणाऱ्या भाचीला!

त्यातला मुख्य दावा असा: जीभ हा स्नायू आहे, यंत्र बोलू लागलं की ती आळशी होते आणि मूल कायमचं मुकं राहतं.

जीभ स्नायू आहे, कबूल. पण माझी जीभ आळसापायी अडत नाही. मेंदूचा हुकूम तिच्यापर्यंत धड पोचतच नाही. आणि आळसच म्हणायचा, तर टॅबलेट येण्याआधीच्या सतरा वर्षांत तिने काय दिवे लावले?

माझं सोडा. मिलर, लाइट आणि श्लॉसर या तीन अभ्यासकांनी २००६ साली याच प्रश्नावरचं तोवरचं संशोधन तपासलं. ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा पर्यायी साधनांमुळे कमी झालं नाही. ८९ टक्के जणांचं वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. वाढ बहुतेकांची बेताचीच होती, तेव्हा 'टॅबलेट घ्या, मूल घडाघडा बोलेल' असं कुणी सांगत आलं तर त्यालाही दारातूनच परत पाठवा. पण घटलं कुणाचं? शून्य.

'आधी बोलू दे, मग यंत्र' हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. तो मी भोगलाय. सात वर्षांची असताना माझा कान ठणकत होता. तीन दिवस मी रडत होते. आईने पोट शेकलं, आजीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, एका काकांनी 'हट्टी झालीय' असं निदान केलं. चौथ्या दिवशी उशीवर पू दिसला तेव्हा कुठे कान सापडला. कानाचं चित्र असलेला एक कागद घरात असता तर पहिल्याच संध्याकाळी काम झालं असतं. त्या तीन दिवसांत माझ्या जिभेला सक्तीचा व्यायाम मात्र भरपूर झाला!

दुसरा मुद्दा: 'शब्द मुलाचे नसतात, मागून दुसराच कुणी बोलत असतो.' इथे, नाइलाजाने, अर्धं मान्य. मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरं दाबून घेण्याची एक पद्धत आहे. चाचण्यांमध्ये शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली ती वापरू नका असं स्पष्ट बजावलं. पण माझा हात कोण धरतंय? उजव्या हाताचं एक बोट, तेही वाकडं, माझं स्वतःचं. आत्याला उलट लिहिलं तेही त्याच बोटाने. ते उत्तर दुसऱ्या कुणाचं असतं तर बरंच गोड झालं असतं.

तिसरं, हे यंत्र म्हणजे 'लाखोंचा परदेशी खेळ' म्हणे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवरून बोलणारं ॲप फुकट मिळतं, मराठीतही चालतं. तेही नको असेल तर अप्पा बळवंत चौकात चित्रांचा तक्ता लॅमिनेट करून आणा. वीज लागत नाही.

आणि शेवटचं ते 'अशा देवमाणसांची फक्त सेवा करावी'. देवमाणूस सध्या घरून मुद्रितशोधन करतो, प्रकाशकाशी पैशांवरून भांडतो आणि रिक्षावाल्याला 'मीटरने चला' असं दोनदा ऐकवतो. दुसऱ्यांदा आवाज वाढवून.

आज संध्याकाळी खाली आजींकडे जाणार आहे. हे सगळं त्यांना वाचून दाखवायचंय, टॅबलेटवरूनच. नात शेजारी बसलेली असेल तर उत्तम. कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला ठाऊक आहे.