मामा जेवताना माणसं मोजतो

माझा मामा कोकणातल्या एका जेलात शिपाई होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पानं मांडली की आधी नजरेनं डोकी मोजतो. एक कमी भरलं की, "बारको खंय गेलो?" आणि बारका येईस्तोवर घास तोंडात जात नाही. आम्ही पोरं हसायचो. मामी नाही हसायची.

कैद्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय काढला की लगेच ऐकू येतं, "गुन्हेगारांचे कसले लाड?" अहो, देशातल्या तुरुंगांत चारांतले साधारण तिघं कच्चे कैदी आहेत. गुन्हा शाबित व्हायचाय, नुसती तारीख पडतेय. मामा म्हणतो, शिक्षा लागलेला दिवस तरी मोजतो, कच्च्याकडे मोजायलाच काही नसतं. कोर्टातून परत आलेला कुणी जेवला नाही की त्या रात्री मामाचा डोळा लागत नसे.

अशाच एका रात्रपाळीत एका पोराने जीव द्यायचा प्रयत्न केला. मामाला वेळेत दिसलं, पोरगा वाचला. त्याला डॉक्टरकडे नेलं. मामाचा जबाब घेतला, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच बराकीवर ड्युटी.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०३ खास कैद्यांसाठी आहे. आजारी कैद्याला उपचाराच्या जागी हलवा म्हणतं, ते योग्यच. पण तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाला लिहून द्यायचं, की इथे मानसिक आजाराचा कैदी नाही! असा कागद भरायला कितीसा वेळ लागतो? आणि शिपायाचं तर त्या कलमात नावच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की कैद्यांसाठी येणाऱ्या समुपदेशकाने थोडा वेळ शिपायांनाही द्यावा, आणि त्याची नोंद सर्व्हिस बुकात जाऊ नये. असा प्रसंग घडला की चार दिवस दुसरी ड्युटी द्या. गणपतीची सुट्टी पाळीने का होईना, द्या. (मुंबईचे चाकरमानी घरी आरतीला आणि गावचा मामा टॉवरवर, असं आमच्याकडे कितीतरी वर्षं चाललं.)

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, तरी "ह्याला रत्नागिरीला न्या" ही आपल्याकडे अजून चेष्टाच. मामीने एकदा डॉक्टरचं नाव काढलं तर मामा म्हणाला, "वर्दीतल्या माणसाक तां परवडना नाय."

आता वर्दी नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मी त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिलाय. नंबर ठेव म्हणाला, पण नाव बदलायला लावलं. 'गॅसवाला' म्हणून सेव्ह आहे.