‘चार आकडे घालून बघा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं असं, की जीमॅटच्या (एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेच्या) डेटा सफिशियन्सीत, म्हणजे दिलेली विधानं प्रश्नाचं एकच ठाम उत्तर द्यायला पुरेशी आहेत का एवढंच ठरवायच्या प्रश्नांत, अविभाज्य अवयव पाडत बसायला वेळ नसतो. चार आकडे घालून बघितले की काम होतं, मी उगाच सोप्याचं अवघड करतो. वेळेचा मुद्दा अगदी मान्य. हे प्रश्न ज्या विभागात येतात, त्या डेटा इनसाइट्समध्ये ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एकेकाला सव्वादोन मिनिटं. पण तुम्ही जे गणित सोडवून दाखवलंत, तेच नीट बघू या.

क्ष हा धन पूर्णांक आहे. क्षला २४ ने निःशेष भाग जातो का?
विधान १: क्षच्या वर्गाला २४ ने भाग जातो.
विधान २: क्षला ८ ने भाग जातो.

तुम्ही २४, ४८, ७२, ९६ घेतले, चारही वेळा ‘हो’ आलं आणि विधान १ एकटंच पुरेसं ठरवलंत. अहो, पण हे चारही आकडे २४ च्याच पाढ्यातले! त्यांच्याकडून ‘नाही’ येणार कसं? १२ घ्या. वर्ग १४४, बरोबर २४ च्या सहापट. विधान पाळलं गेलं, पण १२ ला २४ ने भाग जात नाही.

हा १२ सुचतो अवयवांमुळेच. २४ मध्ये तीन २ आणि एक ३. पूर्ण वर्गात प्रत्येक अविभाज्य अवयव जोडीनेच येतो, म्हणून क्षच्या वर्गात किमान चार २ आणि दोन ३ हवेत. त्यातले निम्मे क्षमध्ये: दोन २, एक ३. म्हणजे क्ष १२ च्या पटीत आहे, एवढंच विधान १ सांगतं. विधान २ मध्ये ३ चा पत्ताच नाही. ८ घेतला की ‘नाही’, २४ घेतला की ‘हो’. दोन्ही एकत्र केली, की १२ आणि ८ चा लसावि २४. म्हणून दोन्ही मिळून पुरेशी. (गुणाकार करून ९६ धरू नका, क्ष २४ असला तरी दोन्ही अटी पाळल्या जातात.)

आकडे घालायला माझा विरोध नाही. एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’ आलं, की विधान अपुरं हे सिद्धच झालं, आणि त्यासाठी याहून झटपट मार्ग नाही. पण नुसती ‘हो’ची रांग लागली म्हणून विधान पुरेसं ठरत नाही, तिथे कारणच लागतं. मुलं महिनोन्महिने राबतात आणि नेमके इथे मार्क घालवतात, याचं वाईट वाटतं, म्हणून हा हट्ट.

राहिला ‘धन’ या शब्दावरचा माझा भर, जो तुम्हाला अनाठायी वाटला. याच प्रश्नात ‘क्ष २४ पेक्षा लहान आहे’ एवढं एकच विधान असतं, तर उत्तर ठाम ‘नाही’ आलं असतं आणि ठाम ‘नाही’ म्हणजेही विधान पुरेसं. ‘धन’ काढून टाका. आता क्ष शून्य असू शकतो, शून्याला २४ ने निःशेष भाग जातो, आणि तेच विधान अपुरं पडतं.