दहापैकी चार

व्हिडिओ गेममध्ये हरल्याचं मला काही नाही. 34 वेळा हरलो, त्याचंही नाही. पण चौतिसाव्या वेळी मागे दिवाणावर मामा बसलेले होते आणि त्यांच्या हातात भरताची ताटली होती, हे अजून डोक्यातून जात नाही.

मामा म्हणजे बायकोचे मामा, अमळनेरचे. लग्नसराईत जळगावला आले की मुक्काम आमच्याकडेच. तरुणपणी आखाड्यात उतरलेले, पुढे कित्येक वर्षं गावोगावच्या यात्रांत कुस्तीचे पंच. अशा माणसाला जावयाने उलट बोलायचं नसतं. माझं मूळ दुखणं ते.

गेम 'सेकिरो', 2019 चा. जपानी तलवारबाजी. किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाचा एक ताठ मानेचा सरदार उभा असतो आणि तो मला नऊ दिवस झोडपत होता. आदल्या रात्रीच मी मित्रांच्या ग्रुपवर अकरा मिनिटांचा आवाजी निकाल पाठवला होता : लढाईची बांधणीच चुकलीय, बटणं उशिरा ऐकतात, कोपऱ्यात सापडलं की कॅमेरा भिंत दाखवत बसतो. दहापैकी चार.

मामा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, भरीत उचललं, चावलं.

"जवाईबुवा, तुम्ही पयतस काबरं?"

"पळत नाही मामा. वार चुकवायचा, लांब व्हायचं, संधी बघून एक ठेवून द्यायचा. पद्धत असते ती."

"त्याले पद्धत नही म्हनतस. पयनं म्हनतस."

मी हसलो. जावई हसतो तसं.

"आनि ती वरनी नारिंगी पट्टी कसानी शे?"

झक मारली आणि समजावून सांगितलं. या गेममध्ये दोन हिशोब चालतात. एक जिवाचा, एक तोलाचा. समोरच्याचा वार अंगावर येतो त्याच क्षणाला आपली तलवार आडवी घातली, की त्याचा तोल ढळतो. तोलाची पट्टी भरली की जीव कितीही शिल्लक असो, एका घावात त्या टप्प्याचा डाव संपतो.

मामांनी ताटली खाली ठेवली. मामा ताटली खाली ठेवतात ते फक्त राष्ट्रगीताला.

"म्हंजे चितपट! हाई तं कुस्ती शे! आनि तुम्ही पयनात का ती पट्टी रिकामी व्हस. मी कवयपासून देखी राहिनू."

नऊ दिवसांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याच कंपनीचा 2011 चा 'डार्क सोल्स' मी लोळून लोळून वार चुकवत पार केला होता, तीच लोळायची सवय घेऊन इथं आलो. मी लांब पळायचो, तो तिकडं दम खायचा, पट्टी उतरायची आणि मी म्हणायचो, बांधणी चुकलीय.

त्यानंतर मामांनी सूत्रं हाती घेतली. "डाव उना! तोड कोठे शे? आते! आते!" हे 'आते' म्हणजे आत्ता. सेकंदाला 60 चित्रं सरकतात, म्हणजे एक चित्र जेमतेम 17 मिलिसेकंदांचं. मामांचा आवाज माझ्या कानात शिरून अंगठ्यापर्यंत पोचेस्तोवर तलवार माझ्यात शिरलेली. तरी चार-पाच तोडी लागल्या, आणि लागल्या की जो खणकन आवाज येतो ना, तो मी नऊ दिवसांत दोनदाच ऐकला असेन.

आता इथं माझी एक तक्रार आहे, ती ऐकाच.

2006 साली कॅपकॉम कंपनीचा 'गॉड हँड' आला. हाणामारीचा गेम. आयजीएन या गेमचं परीक्षण करणाऱ्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी तीन दिले. आज हाणामारीचे दर्दी त्याच गेमचं नाव घेताना आदराने कानाला हात लावतात. त्यात तुम्ही चांगलं लढलात की शत्रू जास्त तिखट होतात, कच्चं लढलात की मवाळ. म्हणजे परीक्षकाचा हात जसा, तसा त्याच्यापुढचा गेम. 'डेव्हिल मे क्राय' हा हाणामारीचाच दुसरा गेम तर उलट खेळणाऱ्यालाच डीपासून ट्रिपल एसपर्यंत मार्क देतो. त्यात भर म्हणजे परीक्षकाच्या हातात गेम बऱ्याचदा बाजारात यायच्या थोडेच दिवस आधी पडतो, आणि ठरल्या तारखेला लेख द्यायचा असतो. पहिला डाव बसतो न बसतो तोच निकाल.

पण म्हणून काय हरणाऱ्याने बोलूच नये? थंडीत आमच्याकडे जो उठतो तो भरताचा परीक्षक असतो. बामणोदची वांगी आहेत का, कपाशीच्या काड्यांवर भाजलीत का, मिरची कमी पडली. एकाने तरी आयुष्यात वांगं भाजलंय का, कोणी विचारतं? मग मलाच का?

मामांना मी हेच विचारलं, जरा सौम्य करून. "मामा, पंचाला कुस्ती यायलाच पाहिजे का?"

"नही उनी तरी चालस. पाठ टेकनी का नही, इतलं दिसाले पाहिजे." भाकरी पुन्हा हातात. "पन जो पडना, त्याले त्याच कुस्तीना पंच नही करतस."

हे मला लागलं. कारण उरतं कोण? जिंकलेले. त्यांना विचारा, सगळे एकच सांगतात : सोपंय रे, शीक. हा काय निकाल झाला? माती कुठं कडक आहे ते पडलेल्यालाच ठाऊक. आणि कॅमेरा भिंत दाखवतो म्हणजे दाखवतो. तो मुद्दा मी मागे घेणार नाही, मामा असोत की मामांचे गुरू.

असो. मामांच्या 'आते'वर मी प्रथमच तिसऱ्या टप्प्यात पोचलो. तिथं गेनिचिरो वीज फेकतो. उडी मारायची, वीज हवेतच अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत त्याच्यावरच परत टाकायची. त्याने धनुष्य उचललं, पडदा लखलखला, मी उडी मारली आणि घरातली लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक ट्यूब. टीव्ही नाही.

अंधुक उजेडात मामा म्हणाले, "ती वीज त्यानीच धाडी का?"

सकाळी पिशवी उचलून दारात चपला घालताना वळले. "जवाईबुवा, मंग मार्क कितला दिन्हात?"

"आठ," मी म्हणालो.

"रातले फोनवर तं चार सांगी राहिंतात. मी जागाच व्हतू."

रिक्षा गेल्यावर मी फोन उघडला. तो अकरा मिनिटांचा संदेश पुसायला उशीर झाला होता; सगळ्यांनी तो ऐकलेला होता.