खुलासा : माणूस युरोपात जन्मला, हे दातांनी सिद्ध केलेलं नाही

'माणसाचा उगम आफ्रिकेत नव्हे, युरोपात. दातांच्या स्कॅनने सिद्ध' हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यामागचा ग्रेकोपिथेकस या वानरसदृश प्राचीन प्राण्यावरचा २०१७ सालचा अभ्यास खरा आहे, मथळा नाही.

हाताशी होतं किती? १९४४ मध्ये अथेन्सजवळ सापडलेला खालचा जबडा आणि बल्गेरियातली एक उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्यामधला दात). वय सुमारे ७२ लाख वर्षं. जबड्यातले दात पार झिजलेले, म्हणून मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म तपशील दाखवणारा एक्स-रे स्कॅन) केलं. दात न उपटता हाडात दडलेली मुळं पडद्यावर दिसली. जबड्यातल्या उपदाढेची मुळं बरीचशी एकमेकांना चिकटलेली होती. वानरांत ती सहसा सुटी असतात.

एवढ्यावरून संशोधक म्हणाले, हा कदाचित आपल्या शाखेतला, म्हणजे चिंपांझींपासून वेगळ्या झालेल्या माणसाच्या वंशातला. फॉरवर्ड होताना नेमकं 'कदाचित' गळालं! मुळांची ठेवण एकाच जातीतही बदलते (रूट कॅनल करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा), वेगळ्या शाखांत ती स्वतंत्रपणेही येऊ शकते. म्हणूनच अनेक तज्ज्ञांना हा पुरावा तोकडा वाटतो.

आणि होमो सेपियन्सचा, म्हणजे आपला, इथे संबंधच नाही. आपले सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे, मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे. म्हणजे आफ्रिकेतलेच.