७८ च्या रेकॉर्डींना स्पिरिट लावू नका

‘आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर दहा मिनिटांत चालू करा’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. परवा तो जुळे सोलापुरातल्या माझ्या भाच्याला आला. त्याच्या आजोबांचं टर्नटेबल आणि पेटीभर रेकॉर्डी नुकत्याच त्याच्या वाट्याला आल्यात, आणि तो कापूस नि स्पिरिटची बाटली घेऊन बसायच्याच बेतात होता. मेसेजात पाच उपाय आहेत: सगळ्या रेकॉर्डी स्पिरिटने पुसा, वाकलेली रेकॉर्ड उन्हात ठेवा, पिन उडत असेल तर वर नाणं ठेवा, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) फिरत नसेल तर तेल सोडा, आणि वायरी सरळ स्पीकरच्या ऑक्स या खाचेला जोडा.

पहिला उपाय सगळ्यात घातक. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, त्या जड, हातातून पडल्या की फुटणाऱ्या रेकॉर्डी लाखेपासून बनवलेल्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फ्रेंच पॉलिश करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, तो चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्येच भिजत घालतो. म्हणजे बोळा फिरवला की मळाबरोबर रेकॉर्डचा पृष्ठभागही निघणार, आणि गाणं असतं ते त्या पृष्ठभागावरच्या खाचेतच. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांचं त्या काळचं गाणं अशाच रेकॉर्डींवर आहे. आपल्याकडे १९६० च्या दशकातही त्या निघत होत्या, त्यामुळे जुन्या पेट्यांत त्या एलपींमध्ये, म्हणजे व्हिनाइल या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डींमध्ये, मिसळलेल्या सापडतात. आणि मेसेज लिहिणारा बिनदिक्कत लिहितो, ‘सगळ्या’! मशीन आणखी वर्षभर बंद राहिलं तर काही बिघडत नाही. खाच एकदा गेली की ती कुणीही परत आणून देत नाही.

व्हिनाइलच्या एलपी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणारे पुष्कळ आहेत, तेवढं मान्य. पण नवख्याने त्या वाटेला जायचं कारणच काय? डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने हलका हात, आणि मधलं लेबल कोरडं. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून घ्यायचं. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी सगळीकडे मिळतं. बोअरचं नको. बादलीवर क्षारांचा जो पांढरा थर बसतो, तोच खाचेतही बसेल.

उन्हाचा सल्ला सोलापुरात कुणी फॉरवर्ड कसा करू शकतं? इथे मे महिन्यात सावलीत पारा ४२ च्या वर जातो. काळी तबकडी गच्चीवर त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि व्हिनाइल ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडतं. थोडी वाकलेली रेकॉर्ड उन्हातून पापडासारखी होऊन परत येईल.

नाण्याने पिन उडायची थांबते, हे खरं. पण कशाच्या बदल्यात? ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई या नेहमीच्या कार्ट्रिजसाठी (पिन जिच्यात बसते ती डबी) कंपनीनेच पिनेवरचा भार १.८ ते २.२ ग्रॅम असा ठरवून दिलाय. २०११ च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे. म्हणजे भार जवळजवळ तिप्पट, आणि तो प्रत्येक फेरीला खाच घासत राहणार. सिरॅमिक या जुन्या प्रकारच्या कार्ट्रिजना भार जास्त लागतो, पण तोही त्यांच्या कंपनीने ठरवलेला असतो. पिन झिजली आहे का, टर्नटेबल सपाट बसलंय का, आर्म (पिन धरणारा दांडा) मोकळा हलतो का आणि त्याच्या मागचं वजन नीट लावलंय का, ते बघा.

तेलाचं अर्धं बरोबर. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने ग्रीस घट्ट होतं, ते आधी पुसून काढायचं आणि मग मधल्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायचा. रबरी चाकाला किंवा बेल्टला तेल लागलं की ते घसरायला लागतात. ऑक्सला जोडून काही जळणार नाही, पण मॅग्नेटिक प्रकारचं कार्ट्रिज जेमतेम ४ मिलीव्होल्ट देतं, त्याला मध्ये फोनो प्रीॲम्प, म्हणजे तो क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी, हवा. सिरॅमिकला लागत नाही.

पिनेबद्दल तर मेसेजात अक्षर नाही. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते, तिला वेगळी पिन लागते. पुष्कळ जुन्या कार्ट्रिजना पिनेची बाजू बदलायची छोटी कळ असते, ती आधी शोधा, आणि पेटीतल्या रेकॉर्डींचे दोन वेगळे गठ्ठे करा. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर ‘७८ ला स्पिरिट नको’ एवढं तरी आजच लिहावं.